कंपनीत व्यायामाचा उपक्रम सुरू करतोय. कोणाला इजा होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

प्रश्न असा आहे: अंधेरी पूर्वेला सुमारे 300 माणसांची कंपनी. मेच्या पहिल्या आठवड्यापासून आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेआठला गच्चीवर 45 मिनिटं व्यायाम, आणि जोडीला विभागांमध्ये पावलं मोजायची स्पर्धा, असं वरून ठरलंय. विचारणाऱ्या ताई एचआरमध्ये आहेत. "स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे" अशी सही सगळ्यांकडून घेतली की पुरे का, आणि आणखी काय बघावं, एवढं त्यांना हवंय.

मी गेली 22 वर्षं कंपनी डॉक्टर म्हणून काम करतेय. सुरुवात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत झाली, आता बहुतेक दिवस बीकेसी आणि अंधेरीच्या ऑफिसांत जातात.

आधी सहीचं सांगते. सही घ्या, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. कार्यक्रम कंपनीनं आखला, कंपनीच्या जागेत झाला, ट्रेनर कंपनीनं नेमला, तर झालेली इजा कामातून आणि कामाच्या ओघात झाली का, हा प्रश्न उभा राहतोच. 1923 च्या भरपाई कायद्यापासून हीच कसोटी चालत आलीय, एका ओळीच्या कागदानं ती पुसली जात नाही. हजेरी सक्तीची असेल तर तुमची बाजू आणखी लंगडी. कंपनीच्या वकिलांशी एकदा बोलून घ्या. मला मात्र त्या सहीची भीती वेगळ्या कारणानं वाटते. ती माणसाला गप्प करते. लिहून दिलंय, आता कुठल्या तोंडानं सांगू, असं म्हणत तो छातीतली कळ सोसत राहतो.

काही वर्षांपूर्वी लोअर परळच्या एका कंपनीत मी वार्षिक तपासणीला गेले होते. वर गच्चीवर त्यांच्या व्यायाम-उपक्रमाचा पहिला दिवस चालला होता. गच्चीच्या जिन्यात, खालून तिसऱ्या पायरीवर, अकाउंट्समधले एक गृहस्थ बसलेले दिसले. वय 47. अंगात कंपनीचा नवाकोरा निळा टी-शर्ट, त्यावर घडीची रेघ अजून तशीच. उजवी मूठ छातीच्या मधोमध टेकवलेली. घाम कपाळावर तर होताच, हातांच्या पाठीवरही दवासारखा साचला होता. मला बघून म्हणाले, "ॲसिडिटी आहे मॅडम, पोहे खाऊन निघालो ना. दोन मिनिटं बसतो आणि वर जातो." वर का जायचं होतं? तर ज्या विभागाची जास्तीत जास्त माणसं शेवटपर्यंत टिकतील त्याला गुण होते, आणि यांच्यामुळे अकाउंट्सचा एक गुण जाणार होता. तपासणीसाठी आणलेलं ईसीजी मशीन खालच्या मजल्यावर होतं म्हणून निदान पाच मिनिटांत झालं. हार्ट अटॅक होता. रुग्णवाहिका आली, पण स्ट्रेचर नेहमीच्या लिफ्टमध्ये मावेना, आणि सर्व्हिस लिफ्टची चावी ज्याच्याकडे होती तो त्या दिवशी रजेवर. शेवटी खुर्चीत बसवून त्यांना खाली आणलं. ते वाचले, अँजिओप्लास्टी झाली, अडीच महिन्यांनी कामावरही आले. तेव्हा त्यांनी मला सांगितलं की आधीच्या आठवड्यात दादरचा पूल चढताना दोनदा असंच दाटून आलं होतं. कोणी विचारलं नाही, म्हणून ते बोलले नाहीत.

तुम्ही जे काही आखाल ते या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आखा. व्यायामाविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम हवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्या ऑफिसांतल्या बहुतेकांचा त्याच्या निम्मासुद्धा होत नाही. धोका असतो तो वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेलं शरीर एका सकाळी जोरात पळवण्यात, आणि थांबावंसं वाटत असताना चारचौघांत थांबायची लाज वाटण्यात. पहिल्यासाठी हळूहळू चढायचं असतं. दुसरं मात्र तुमच्या हातात आहे, ट्रेनरच्या किंवा माझ्या नाही.

म्हणून पहिलं काम चौकशीचं. कॅनडात तयार झालेली, व्यायामाआधी विचारायच्या सात प्रश्नांची पार-क्यू नावाची यादी जगभर वापरतात. ती चांगली आहे, पण इंग्रजीतला छापील फॉर्म वाटलात तर लोक सातही ठिकाणी "नाही"वर खूण करून मोकळे होतात. मी प्रश्न मराठीत आणि हिंदीत, आपल्या रोजच्या भाषेत विचारते. स्टेशनचा पूल किंवा दोन मजले चढताना छातीत दाब, जबड्यात, खांद्यात किंवा हातात कळ येते का? पूर्वी चढायचात तेवढं चढून हल्ली जास्त धाप लागते का? कधी चक्कर येऊन पडलात का, लोकलच्या गर्दीतसुद्धा? बीपीची, शुगरची, हृदयाची कुठली गोळी चालू आहे? वडील, भाऊ किंवा काका पन्नाशीच्या आत अचानक गेले का? गुडघा, कंबर, मान? गरोदर आहात का, किंवा नुकतंच बाळंतपण झालंय का? लोकलच्या गर्दीचा प्रश्न मुद्दाम घालते. गर्दीत आलेली चक्कर लोक चक्कर म्हणून धरतच नाहीत.

बारीक दिसणारा माणूस सुरक्षित, असंही धरू नका. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, आणि वजन बेतात असूनही पोटावर चरबी असते. कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या वर गेला की मी सावध होते. टेपनं मोजायला अर्धा मिनिट लागतो.

ही उत्तरं एचआरकडे राहू देऊ नका. ताई, हे तुम्हालाच सांगतेय, वाईट वाटून घेऊ नका. बीपी आहे हे कळलं तर प्रमोशन अडेल, ही भीती मी प्रत्येक कंपनीत पाहिलीय, आणि ती अगदीच निराधार नसते. कागद थेट डॉक्टरकडे जावा. तुमच्याकडे नावापुढे फक्त तीनपैकी एक शेरा यावा: चालेल, हलकंच करावं, आधी डॉक्टरांना भेटावं. कारण विचारायचं नाही.

सगळ्यांचे सरसकट ईसीजी काढायचा घाट मात्र घालू नका. झोपून काढलेला ईसीजी चांगला आला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं होत नाही. उलट तो कागद हातात आला की माणूस छातीतली कळ अंगावर काढतो. ज्यांच्या उत्तरांत काही सापडलं त्यांना फिजिशियनकडे पाठवा, खर्च कंपनीनं करावा. तोच पैसा सार्थकी लागतो.

औषधांबद्दल दोन-तीन गोष्टी ट्रेनरलाही ठाऊक हव्यात. बीपीच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या, मेटोप्रोलोलसारख्या, नाडी वाढूच देत नाहीत. अशा माणसाच्या घड्याळात ठोके कमी दिसतात आणि ट्रेनर म्हणतो, आणखी जोर लावा. म्हणून ठोक्यांच्या नादी न लागता बोलण्यावरून ओळखा. व्यायाम करता करता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर ठीक. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग उतरवा. बसल्या जागी वरचं बीपी 180 च्या किंवा खालचं 110 च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर व्यायामात झपकन उतरू शकते. थरथर, गार घाम, घाबराघुबरा चेहरा दिसला आणि माणूस शुद्धीवर असला की तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा बघायचं. श्रावणी सोमवार, नवरात्र, रमजानचे रोजे हे दिवस कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. उपास करणारी माणसं आपणहून "आज नको" म्हणत नाहीत.

आता गच्ची आणि मे महिना. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

मुंबईचं मेमधलं कमाल तापमान 33-34 अंशांच्या आसपास असतं. विदर्भातल्या 45 अंशांपुढे ते किरकोळ वाटतं, म्हणून इथं उन्हाचा धाक कोणाला नसतो. पण घाम आल्यानं शरीर थंड होत नाही, घाम वाळल्यानं होतं. आपल्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो, आणि आतली उष्णता आतच कोंडते. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानातल्या सोहळ्यात उष्माघातानं माणसं गेली. ती नुसती उन्हात बसली होती, व्यायाम करत नव्हती. मेमध्ये साडेआठपर्यंत गच्चीवर दोन तासांहून जास्त ऊन पडलेलं असतं, आणि आदल्या दिवशीचा स्लॅबही पुरता निवलेला नसतो. आम्ही मुंबईचेच, आम्हाला सवय आहे, हेही खरं नाही. दिवसाचे नऊ-दहा तास एसीत काढणाऱ्या शरीराला उष्णतेत कष्ट करायची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. माणूस विसंगत बोलायला लागला, विनाकारण चिडला, तोल जायला लागला, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, शर्ट काढा, अंगावर पाणी ओतत पंखा लावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा, त्याच वेळी दुसऱ्या कोणाला 108 लावायला सांगा. नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. रुग्णवाहिकेची वाट बघत गार करणं थांबवू नका, उष्माघातात तीच मिनिटं मोलाची असतात.

जूनमध्ये हीच गच्ची दुसऱ्या तऱ्हेनं दगा देते. आपल्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर चायना मोझॅकच्या फुटक्या टाइल्सची फरशी असते. दोन पाऊस पडले की त्यावर डोळ्यांना न दिसणारं शेवाळ धरतं. 21 जूनच्या योग दिनाला अशा फरशीवर मॅट सरकून मनगट मोडलेली एक मुलगी मी प्लास्टर घालायला पाठवलीय. तुमची माणसं गच्चीवर न्यायचीच असली तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत न्या. एरवी कॅन्टीन किंवा मोठी मीटिंग रूम, टेबलं बाजूला करून. फायरच्या रेफ्युज एरियात मॅट आणि डंबेल ठेवायचा मोह बऱ्याच ठिकाणी होतो. ती जागा आगीत माणसं थांबायची आहे, तिथं एक चटईसुद्धा पडून राहता कामा नये.

साडेआठची वेळही पुन्हा बघा. कर्जत-कसारा-विरारकडून येणाऱ्या माणसाला साडेआठला अंधेरीत पोचायचं तर पाचच्या सुमारास उठावं लागतं, आणि झोप आधीच पाच तासांची. गाडीत तासभर एका पायावर उभं राहून, काही न खाता, तो थेट तुमच्या मॅटवर येणार. मी कंपन्यांना सांगते, कामाच्या वेळेत घ्या, दुपारी साडेतीन-चारला. जेवण जिरलेलं असतं आणि कामातही तेव्हा मरगळ आलेली असते. कामाचा वेळ देणं व्यवस्थापनाला जड जातं हे मला माहीत आहे. पण कर्मचाऱ्याची झोप कापून त्याचं आरोग्य सुधारता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा, हवं तर माझ्या नावावर सांगा.

हाउसकीपिंगच्या मावशी आणि सिक्युरिटीचे काका यांचा विचार कोणीच करत नाही. पहिल्या दिवशी गर्दी दिसावी म्हणून त्यांनाही रांगेत उभं करतात आणि चौकशीचा फॉर्म मात्र त्यांना देत नाहीत. कंत्राटी असले तरी त्यांच्या इजेची जबाबदारी मूळ मालकापर्यंत येऊन पोचते, कायदाही तेच सांगतो. बोलावायचं तर सगळ्या सोयींसकट बोलावा. सकाळपासून मजले पुसून कमरेत भरलेल्या मावशींना तुमचा स्क्वॉट नको असतो, पाठ मोकळी करायला दहा मिनिटं आणि टेकायला खुर्ची हवी असते.

आता किती आणि कसं. 45 मिनिटं पहिल्या दिवशी नकोतच. पहिला आठवडा 15 मिनिटं: चालणं, खांदे, मान, घोटे मोकळे करणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. म्हणजे सातव्या आठवड्यात 45 वर पोचाल, आणि तेही ज्यांना झेपतंय त्यांनीच. "एका दिवसात 200 स्क्वॉट" असली आव्हानं पूर्ण बंद. मालाडच्या एका कॉल सेंटरमधली 26 वर्षांची मुलगी असल्या आव्हानानंतर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. मांड्या दगडासारख्या घट्ट, जिना उतरता येईना. तिला त्याचं काही नव्हतं, ती घाबरली होती लघवीचा रंग कोकाकोलासारखा झाला म्हणून. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात उतरत होतं. चार दिवस सलाइनवर काढले, मूत्रपिंडं वाचली. तिचं हृदय, बीपी, शुगर सगळं उत्तम होतं, कुठल्याच फॉर्ममध्ये ती सापडली नसती. तरुण आणि निरोगी माणसालासुद्धा हळूहळू चढवायचं ते याच्यासाठी.

योगासनं म्हणजे बिनधोक, असं नाही. शीर्षासन, सर्वांगासन ऑफिसच्या वर्गात घेऊच नयेत. बीपी, काचबिंदू, मानेचा त्रास असणाऱ्यांना ती बाधतात. जोरात श्वासाचे प्रकार गरोदर बायकांना नकोत. श्वास रोखून वजन उचलू नये, हे सगळ्यांनाच लागू.

पावलांच्या स्पर्धेत नावांची क्रमवारी लावू नका. खालच्या पाच जणांत नाव आलं की माणूस दुखऱ्या गुडघ्यानं चालतो, रात्री अकराला हायवेच्या कडेनं फोनमध्ये आकडा बघत चालतो. असा एक जण रिक्षाखाली येता येता वाचलेला मला माहीत आहे. प्रत्येकानं आपल्याच मागच्या आठवड्याशी तुलना करावी, आणि वाढ रोज हजार-दोन हजार पावलांपुढे मोजूच नये. विभागांना बक्षीस द्यायचंच असेल तर किती जणांनी भाग घेतला यावर द्या, आणि खुर्चीवरून व्यायाम करणाऱ्यालाही त्यात पूर्ण धरा.

थांबायची मुभा कागदावर लिहून मिळत नाही, ती दिसावी लागते. मी मागच्या बाजूला पाच-सहा खुर्च्या मांडायला सांगते आणि ट्रेनरनं दर वेळी सुरुवातीलाच म्हणायचं, "ज्याला वाटेल त्यानं केव्हाही बसावं, सांगायची गरज नाही." तरी पहिले काही दिवस कोणी बसत नाही. ठाण्यातल्या एका कंपनीत मी शाखाप्रमुखांना आधी भेटून विनंती केली की सर, आठव्या मिनिटाला तुम्ही जाऊन बसा. ते बसले, बाटलीतलं पाणी प्यायले, तीन मिनिटांनी परत उभे राहिले. पुढच्या दोन मिनिटांत चार माणसं बसली. त्यातल्या एका बाईंचं बीपी मी लगेच मोजलं, 190 होतं. त्या सर बसले नसते तर त्या शेवटपर्यंत उड्या मारत राहिल्या असत्या.

ट्रेनर नेमताना त्याचं शरीर बघू नका, त्याला विचारा की छातीत दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला तू काय करशील. "लिंबूपाणी देईन", "जरा चालवून बघेन" असं उत्तर आलं तर दुसरा शोधा. एका ट्रेनरमागे वीसपेक्षा जास्त माणसं नकोत, त्यापुढे त्याला चेहरे दिसत नाहीत. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं, ट्रेनरलाच नाही, प्रत्येक मजल्यावर निदान चौघांना यायला हवं: छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. हृदय बंद पडल्यावर शॉक मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरानं जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. सकाळी साडेनऊला अंधेरी-कुर्ला रोडवरून रुग्णवाहिकेला किती वेळ लागतो ते तुम्ही रोज बघता. म्हणून एईडी, म्हणजे हा शॉक देणारं मशीन, कंपनीनं स्वतःचं घ्यावं आणि ते कपाटात कुलपात न ठेवता रिसेप्शनच्या भिंतीवर लावावं.

पहिला वर्ग घेण्याआधी एक दिवस नुसती रंगीत तालीम करा. एकाला कॅन्टीनमध्ये झोपवा आणि घड्याळ लावा. 108 ला पत्ता कोण सांगणार, कुठलं गेट, ते उघडायला खाली कोण धावणार, सर्व्हिस लिफ्टची चावी कुठे आणि दुसरी चावी कुठे, स्ट्रेचर त्या लिफ्टमध्ये आडवं मावतं का, जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात चोवीस तास अँजिओप्लास्टी होते. गेटवरच्या काकांना त्या दिवशी वर बोलावून सगळ्यांबरोबर बसवा, कारण रुग्णवाहिका पहिल्यांदा त्यांनाच विचारणार आहे. तालमीत जे अडेल ते दुरुस्त करून पुन्हा एकदा करा, आणि त्यानंतरच पहिल्या वर्गाची तारीख जाहीर करा, मग तो मेचा पहिला आठवडा हुकला तरी चालेल.